खाडीतली फेरीबोट: गाडीवाल्यांचे, पायी उतारूंचे आणि सहज विचारणाऱ्यांचे प्रश्न

कोकणातल्या खाड्यांवर फेरीबोटीत माझी चौदा वर्षं गेली. आधी दोर धरणारा खलाशी होतो, मग गाड्या लावून घ्यायला लागलो. गुडघे बोलायला लागल्यापासून जेटीवरच्या खिडकीत तिकिटं फाडतो. खिडकीत बसलं की दिवसभर तेच तेच प्रश्न येतात, आणि मागे रांग असल्यामुळे धड उत्तर देता येत नाही. ती उत्तरं इथे सवडीने देतोय. तिकिटाचे दर यात मुद्दाम लिहिलेले नाहीत. दर बदलतात, आणि मग लोक जुना आकडा दाखवून खिडकीत भांडतात.

गाडी घालता येईल अशी फेरीबोट कोकणात कुठे कुठे आहे?

उत्तरेकडून खाली येऊ. वसई–भाईंदर फेरी २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोठं जहाज जातं. मुरूडच्या बाजूला आगरदांडा–दिघी आहे, राजपुरीच्या खाडीत. त्याखाली सावित्रीच्या मुखाशी बागमांडले–वेश्वी. हरिहरेश्वर आटोपून दापोलीकडे येणारे बहुतेक जण हीच फेरी धरतात. मग वाशिष्ठीवरची दाभोळ–धोपावे, २००३ पासून चालू असलेली. कोकणात खाडीतून गाड्या नेण्याची आताची पद्धत तिथून रुळली. आणि शास्त्री नदीवर तवसाळ–जयगड.

किती वळसा वाचतो?

दाभोळच्या जेटीवर उभं राहिलात की समोर धोपावे दिसतं, तिथल्या रिक्षासुद्धा मोजता येतात. पण रस्त्याने जायचं तर चिपळूण गाठून परत समुद्राकडे यायचं, अर्धा दिवस गेलाच. बागमांडल्याला फेरी चुकली तर आंबेतच्या पुलावरून जावं लागतं. तो पूल दुरुस्तीला बंद होता तेव्हा तिथेही फेरीबोटच लावली होती. जयगडला राई-भातगावचा पूल आहे, त्यामुळे तिथला वळसा त्यामानाने सुसह्य.

कोकणचे रस्ते किनाऱ्याला समांतर जाऊ बघतात आणि नद्या सह्याद्रीतून सरळ समुद्राकडे धावतात. दर पंचवीस-तीस किलोमीटरला एक खाडी आडवी येते. आमचं पोट त्या आडवेपणावर चालतं. पूर्वी प्रत्येक खाडीला तर असायची आणि तरीचा मक्ता असायचा. होडीत माणसं, बैल आणि भाताची पोती एकत्र. जुनी माणसं अजूनही फेरीबोटीला 'तर' म्हणतात.

फलकावर वेळ लिहिली आहे, तरी बोट उशिरा का सुटते?

फलक आम्हीच रंगवलाय, त्यामुळे दोष आमचाच. पण खरं सांगायचं तर पाणी ओलांडायला लागणारी दहा-पंधरा मिनिटं रोज जवळपास तेवढीच असतात. वेळ खातो तो काठ. आमचं सगळं काम बोट टेकवणं, गाड्या उतरवणं, गाड्या चढवणं आणि पुन्हा सुटणं यातच आहे. मधल्या पाण्यात सारंग, म्हणजे बोट चालवणारा, सोडला तर बाकीचे चहा पितात.

जेटी म्हणजे पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार. भरतीला बोट त्याच्या वरच्या टोकाशी येऊन टेकते, ओहोटीला खालच्या. खालचा भाग दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, म्हणून तिथे शेवाळ आणि कालवं. तिथे गाडी सावकाश घ्यावी लागते. दुचाकी तर हाताला धरून चढवावी लागते. उधाणाची पूर्ण भरती असेल तर बोट इतकी वर येते की रांगेतल्या पहिल्या दोन गाड्यांना मागे जायला सांगावं लागतं. "आम्ही पहिले आलोय" हे वाक्य तेव्हा हमखास ऐकू येतं. आणि उधाणाची पूर्ण ओहोटी असेल तर बोटीच्या पोटाखाली पुरेसं पाणीच नसतं, मग थांबणं आलं. गोव्याच्या वेशीवर केरी–तेरेखोलची फेरी तर ओहोटीला चक्क काही वेळ बंद ठेवतात.

भरतीची वेळ आधी कळेल का? ॲप नको, साधं सांगा.

कालनिर्णय बघा. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. जे येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि बारा तास उलटल्यावर पुन्हा भरती. रोज ती पाऊण-एक तास पुढे सरकते. हा हिशेब मुंबईच्या बाजूला बरा जमतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. पाव-अर्ध्या तासाची चूक धरून चाला.

पाणी किती चढेल तेही तिथीच सांगते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाणी फारसं चढतही नाही, फारसं उतरतही नाही. आमच्या दृष्टीने ते सुखाचे दिवस. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. खाली गोव्याला पोचेपर्यंत ती निम्म्यावर आलेली असते. म्हणून मुंबईकडच्या धक्क्यावरचा माणूस आणि गोव्यातला माणूस ओहोटीबद्दल बोलतात तेव्हा दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळं चित्र असतं.

गाडी उलटी, रिव्हर्सने का चढवायला लावता?

सगळीकडे लावत नाहीत. ज्या बोटीला दोन्ही टोकांना रॅम्प असतो तिथे एका बाजूने आत जायचं, दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडायचं. ज्या बोटीला एकच रॅम्प असतो तिथे आत गेलेली गाडी त्याच वाटेने बाहेर येते. कधीतरी एकदा उलटं जावंच लागणार. मग ते चढताना जा, उतरताना नको.

कारण असं की बोटीत चढताना उतार खाली जाणारा असतो. मी मागे उभा असतो, घाई नसते, गाडी क्लचवर हळूहळू सोडता येते. उतरताना मात्र समोर चढ असतो, तोही ओला. तो चढ मान मागे वळवून, मागच्या काचेतून बघत, रिव्हर्सने चढवायचा म्हणजे क्लच जळाल्याचा वास पूर्ण बोटीला येतो. पहिला गिअर टाकून नाकासमोर बाहेर पडणं केव्हाही बरं.

चढवताना काच खाली करा आणि गाणी बंद करा. आणि एकाच माणसाकडे बघा. गाडीतले सगळे उतरून हातवारे करायला लागतात: बायको "आणा, आणा" म्हणते, मेव्हणा "थांबा" म्हणतो, मी "डावीकडे तोडा" म्हणत असतो. ड्रायव्हर तिघांचंही ऐकतो आणि स्टिअरिंग मधेच धरून बसतो. एकदा एका गृहस्थाने असं करत मागचं चाक रॅम्पच्या कडेवरून पार बाहेर आणलं होतं. रॅम्प आणि पाणी यात तिथे दीड हात अंतर. मी बोनेटवर थाप मारली म्हणून थांबले. खाली उतरून त्यांनी ते चाक बघितलं आणि चावी माझ्या हातात दिली. तेव्हापासून चावी देणाऱ्या माणसाला मी कधी हसलेलो नाही. गाडी आम्ही लावतो, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

मी रांगेत पुढे होतो, तरी मागचा टेम्पो आधी का घेतलात?

कारण तो जड आहे. बोट म्हणजे तरंगणारा तराजू आहे. एका बाजूला वजन जास्त झालं की ती कलते. मग रॅम्प जेटीवर सपाट टेकत नाही, एक कोपरा टेकतो आणि दुसरा वर राहतो. म्हणून ट्रक, बस, जांभा दगडाचा टेम्पो मधल्या ओळीत, बोटीच्या कण्यावर. त्यांच्या दोन्ही बाजूंना मोटारी जोडीजोडीने. डावीकडे मोठी गेली की उजवीकडे मोठी शोधायची. उरलेल्या फटीत दुचाकी.

लांबीचंही तसंच. पुढे वजन जास्त झालं तर बोट नाकावर येते आणि जेटीपासून लांबच रुतते. मागे जास्त झालं तर पुढचा भाग उचलला जातो आणि रॅम्पला पायरी तयार होते. त्या पायरीवर बुटक्या गाड्यांचं पोट घासतं. रांगेकडे नुसतं बघून कुठली गाडी कुठे जाणार हे डोक्यात मांडायला दोन मिनिटं लागतात. ज्याच्या हातात हे काम असतं तो रांगेत फिरताना तुमच्याकडे बघत नाही, चाकांकडे बघतो. स्प्रिंगा किती बसल्यात त्यावरून आत किती माल आहे ते कळतं. "रिकामाच आहे" असं सांगणारे टेम्पोवाले मी बरेच पाहिलेत. चाकं खोटं बोलत नाहीत.

आणखी एक. एकाच रॅम्पच्या बोटीत जो शेवटी चढतो तो आधी उतरतो. त्यामुळे पहिलं येऊन पहिलं चढण्यात तुमचा फायदा नसतोच. हे पटवण्यात माझी बरीच सकाळ जाते.

बोट टेकल्यावर इंजिन बंद का करत नाही? डिझेल फुकट जातं.

फुकट जात नाही, तेच तर बोटीला धरून ठेवतं. टेकल्यावर पुढे दोर टाकतो, पण नुसत्या दोरावर भरवसा ठेवून कोणी गाड्या उतरवत नाही. सारंग इंजिन हळू पुढच्या चालीवर ठेवतो आणि बोट जेटीवर दाबून धरतो. खालून ओढ असते, बाजूने वारा असतो. त्यात एक जड ट्रक उतरला की बोट हलकी होऊन उचलली जाते आणि मागे सरकू बघते. गाडीची पुढची चाकं जेटीवर आणि मागची रॅम्पवर असताना बोट वीतभर सरकली तर काय होईल, याचा विचार करा. म्हणून रॅम्पवर असताना कोणी "थांबा" म्हटलं की थांबा, आणि "चला" म्हटलं की मधे थांबून फोन घेऊ नका.

येतानाही गंमत असते. बोट समोरच्या जेटीकडे नाक करून कधीच निघत नाही. ओहोटीचं पाणी समुद्राकडे ओढत असतं, म्हणून सारंग नाक वरच्या अंगाला धरतो आणि बोट तिरकी-तिरकी चालत पलीकडे जाते. नवख्या माणसाला वाटतं, चुकलाच. शेवटच्या पन्नास मीटरला तो चाल तोडतो आणि पाणी आपोआप बोटीला जेटीसमोर आणून सोडतं. हे शिकायला काही वर्षं लागतात, आणि प्रत्येक खाडीला नव्याने शिकावं लागतं.

गाडीतच बसून राहिलं तर चालेल?

उतरा. हँडब्रेक लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, इंजिन बंद करा, आणि कठड्याशी येऊन खाडी बघा. गाड्या इतक्या खेटून लावलेल्या असतात की पाणी शिरलं किंवा आग लागली तर आतून दार उघडणार नाही. अगदी म्हातारं माणूस असेल तर आम्हाला सांगा, दाराशी जागा ठेवून गाडी लावतो. दुचाकी साइड स्टँडवर सोडून जाऊ नका, धरून उभे राहा.

रात्री हेडलाइट बंद करा म्हणून ओरडता का?

वर केबिनमध्ये सारंग अंधारात बसलेला असतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांनी तो जेटीची कड, होड्या आणि जाळ्यांचे तरंगते डबे बघत असतो. समोरून एकाने हेडलाइट मारला की पुढची काही मिनिटं त्याला काही दिसत नाही. जेटीवर रांगेत उभ्या असलेल्यांनीही हे लक्षात ठेवावं. बोट तुमच्याकडेच येत असते.

बोटीवर कोण कोण असतं?

बोट चालवतो तो सारंग, काही जण त्याला मास्टर म्हणतात. इंजिनाशी ड्रायव्हर. हा गाडीचा ड्रायव्हर नव्हे, खाली गरम खोलीत कानात बोळे घालून बसणारा. दोघांकडे परीक्षा देऊन मिळवलेला दाखला लागतो. बाकीचे खलाशी: दोर, रॅम्पची विंच, गाड्या लावणं, झाडलोट, उतारूंची समजूत काढणं. बहुतेक पोरं मच्छीमारांच्या घरातली. मासेमारी सोडून इकडे का आलास म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: रात्री घरी झोपायला मिळतं.

त्यातही एक अडचण आहे. शेवटची खेप ज्या काठाला संपते, बोट रात्री त्याच काठाला राहते. ज्याचं घर दुसऱ्या काठाला असतं तो बोटीवरच झोपतो. घराचा दिवा समोर दिसत असतो.

पावसाळ्यात चालू असते?

खाडीतली फेरी सहसा चालू असते. समुद्रातून जाणाऱ्या गेटवे–मांडवासारख्या लहान बोटी साधारण जून ते ऑगस्ट बंद असतात. खाडीला दोन्ही बाजूंनी डोंगरांचा आडोसा असतो, म्हणून तिथे निभतं. पण वारा फार झाला, इशारा आला की आम्हीही थांबतो. महापुरात नदी लाकडं वाहून आणते. झाडाचं अख्खं खोड पाण्याच्या जरा खाली तरंगत येतं, आणि ते पंख्याला लागलं तर संपलंच. पंखा म्हणजे बोटीचा प्रोपेलर.

श्रावणात नारळी पौर्णिमेला खलाशी नारळ सोडतात. मासेमारीच्या होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, त्या बाहेर निघतात. आमच्या बोटीला सुट्टी नसते, मधल्या एका खेपेत नारळ सोडून पुढची खेप.

बोट मधेच बंद पडली तर?

पडते कधीकधी. माझ्या वेळची एक सांगतो. संध्याकाळ होती, ओहोटी ऐन भरात. नऊ मोटारी, दुचाकी, आणि दोन शाळामास्तर. मधे आल्यावर खालून घुर्रर्र असा आवाज आला आणि बोट एका अंगाला वळायला लागली. तुटलेलं जाळं एका पंख्यात गेलं होतं. दोन पंखे होते, एक चालू होता, पण ओहोटीच्या ओढीत एकावर जेटी धरणं सारंगाला धोक्याचं वाटलं. त्याने नांगर टाकायला लावला. नांगराने जमीन धरली तशी बोटीने तोंड पाण्याकडे फिरवलं आणि स्थिर झाली.

मग एक खलाशी कमरेला दोर बांधून, कोयता घेऊन खाली गेला. नायलॉनचं जाळं पंख्याच्या दांड्यावर गुंडाळलं की घर्षणाने वितळतं आणि त्याचा दगडासारखा गोळा होतो. तो कापायला चाळीस मिनिटं गेली. तो दर दोन मिनिटांनी वर यायचा, श्वास घ्यायचा, शिवी द्यायचा, पुन्हा खाली. वर उतारू कठड्याला चिकटून त्याच्या डोक्याची वाट बघत. शेवटी तो गोळा वर आणून त्याने डेकवर टाकला तेव्हा त्यात दोन जिवंत खेकडे होते. ते त्याने घरी नेले. मी वर दोर धरून उभा होतो आणि सगळा वेळ दोरच बघत होतो, कारण माझ्या हातातला दोर ढिला पडला तर त्याला ओहोटी नेणार. अजून हाताला तो ओलेपणा आठवतो.

लाइफ जॅकेट खरंच घालायचं का? दहा मिनिटांचा तर प्रवास.

जिथे घालायला सांगतात तिथे घाला. जिथे सांगत नाहीत तिथे निदान ती कुठे ठेवलीत ते चढल्याबरोबर बघा. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ माणसं गेली. ती बोटही रोजची, अंतरही रोजचंच होतं.

आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना मात्र अजून 'रामदास' आठवते. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ती आगबोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली, बरीचशी सणाला गावी निघालेली. एका बाजूला लाट बसली म्हणून सगळे दुसऱ्या बाजूला धावले, असं सांगतात. म्हणून काही झालं की आम्ही आधी एकच ओरडतो: जागेवरून हलू नका. दोनशे माणसं एकदम एका कठड्याला गेली तर ती दोन ट्रकांइतकी भारी होतात, आणि ट्रकाला तरी मी ठोकळा लावून ठेवलेला असतो.

बोटीची तपासणी होते का?

होते. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या देखरेखीखाली सर्वेक्षण होतं. किती माणसं आणि किती वजन घ्यायचं ते दाखल्यावर लिहून येतं. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान अधिनियम आला.

तपासणीसाठी बोट पाण्याबाहेर काढतात. वर्षभर जिच्या पोटावर आपण गाड्या फिरवल्या तिचं पोट तेव्हा पहिल्यांदा दिसतं. हिरवं, कालवांनी भरलेलं, उग्र वासाचं. आधी ते खरवडायचं. मग पत्र्याची जाडी यंत्राने मोजतात. जुने कारागीर तरीही हातोडीने ठोकून ऐकतात. घट्ट पत्रा खणखणतो, पातळ झालेला भद्द वाजतो. असा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. तळाला जस्ताचे ठोकळे लावलेले असतात. खारं पाणी लोखंडाच्या आधी त्यांना खातं. लावताना विटेएवढे असतात, काढताना खाल्लेल्या साबणासारखे. रॅम्पची वायर बदलायची, पंख्याच्या पात्यांना बाक आला असेल तर काढायचा, रंग मारायचा. ते दिवस आम्हाला अवघड जातात, जमिनीवर चालताना तोल जातो.

आमच्या गाड्यांनाही गंज धरतो का?

एका खेपेने काही होत नाही. रोज येणारे असाल तर आठवड्याला खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या.

रात्री आजारी माणूस असेल तर?

रुग्णवाहिका आली की रांगबिंग काही नाही. ती शेवटी घेतो, म्हणजे पलीकडे पहिली उतरते. कोणी "आम्हाला डावललं" म्हणालेलं माझ्या ऐकण्यात नाही. शेवटची खेप झाल्यावरही निरोप आला आणि पाणी साथ देत असेल तर बोट निघते. सारंगाचं घर कुठे आहे हे जेटीवरच्या प्रत्येक रिक्षावाल्याला माहीत असतं. एकदा अशीच रात्री बाळंतपणाची बाई नेली होती. सहा महिन्यांनी नवरा पेढे घेऊन आला, तेव्हा ड्युटीवर दुसरीच पाळी होती. पेढे त्यांनी खाल्ले.

गर्दी कधी टाळावी?

गणपतीत, विशेषतः हरतालिकेच्या आदल्या दिवशी आणि गौरी-विसर्जनानंतर. दिवाळीची सुट्टी, नाताळचा शेवटचा आठवडा आणि जोडून आलेले शनिवार-रविवार. एप्रिल-मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांच्या गाड्या पहाटेच्या खेपा धरतात. तेव्हा बोटीला हापूसचा इतका वास येतो की डिझेलही कळत नाही. शिमग्यात भोवनीला, म्हणजे गावोगाव फिरायला, निघालेली पालखी बोटीतून जाते, ढोल खाडीभर घुमतो. त्या खेपेला उशीर होतो, आणि घड्याळ बघणारे पाहुणेच असतात.

काय काय नेता येतं?

मासळीच्या पाट्या, कोंबड्या, शेळ्या, लग्नाचं वऱ्हाड, फ्रिज, नारळाची रोपं, सगळं नेलंय. गॅस सिलिंडर आणि कॅनमधलं पेट्रोल आधी दाखवा, लपवून आणू नका. कुरव पक्ष्यांना वेफर आणि फरसाण टाकू नका. ते तुमच्या हातातलं खातात आणि आमच्या डेकवर घाण करतात. ती आम्हीच धुतो.

मांडव्याचं जहाज आणि तुमची बोट यात काय फरक?

तिथलं 'प्रोटोपोरोस' हे ग्रीसमध्ये बांधलेलं समुद्री जहाज. ती सेवा १५ मार्च २०२० ला सुरू झाली आणि लगेच टाळेबंदी आली, त्यामुळे सुरुवातीला फार थोड्यांनी ती अनुभवली. भाऊच्या धक्क्याहून मांडवा सुमारे तासाभराचं, रस्त्याने शंभरावर किलोमीटर. वर वातानुकूलित बैठक, खाली गाड्यांचा मजला, आणि ती पावसातही चालते, हवामान अगदीच बिघडलं नाही तर. आमची बोट म्हणजे सपाट बुडाचा उघडा पाट. खाडीतल्या कमी पाण्यात तेच लागतं. ते जहाज आमच्या जेटीला आणलंत तर पहिल्या ओहोटीला रुतेल.

गोव्यात फेरी फुकट आहे, इथे पैसे का?

गोव्यात फेरीबोटी सरकारचं नदी परिवहन खातं चालवतं आणि पायी माणसाला तिकीट नसतं. दिवाडी बेटावरच्या माणसाला फेरी म्हणजे घरासमोरचा रस्ताच, रस्त्यावरून चालायला कोण पैसे घेणार? इथे बहुतेक खाड्यांवर खाजगी चालक आहेत आणि डिझेल ते स्वतःच्या खिशातून भरतात. गोव्यातल्यासारखं इकडे व्हावं असं मला वाटतं का? पायी जाणाऱ्या शाळेच्या पोरांसाठी आणि मासळी विकणाऱ्या बायकांसाठी नक्की वाटतं. मोठ्या गाड्यांसाठी नाही.

रेवस–रेड्डी सागरी महामार्गाचे पूल झाले की तुम्ही काय करणार?

हा प्रश्न विचारणारा बहुधा हसून विचारतो, म्हणून मीही हसून उत्तर देतो. आगरदांडा–दिघी, बागमांडले–वेश्वी आणि आणखी काही खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. झाले पाहिजेत. रात्री दोनला आजारी माणूस घेऊन जेटीवर सारंगाची वाट बघणाऱ्याला पूलच हवा असतो, आणि मला त्याचं पटतं.

पण पणजीचं एक लक्षात ठेवा. मांडवीवर पूल होता, फेरीबोटी मागे पडल्या होत्या. ५ जुलै १९८६ ला तो पूल कोसळला. नवा पूल १९९२ मध्ये उभा राहिला. मधली वर्षं पणजी आणि बेतीच्या दरम्यान माणसांची ने-आण फेरीबोटीच करत होत्या. पूल झाल्यावरही तिथली फेरी बंद पडली नाही, अजून चालते.

आमच्याकडे पूल झाला तर बोट दुसऱ्या खाडीला जाईल. लोखंड आहे, कुठेही तरंगेल. सारंगाला मात्र तिथलं पाणी पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल. मी तिकीट खिडकी कुठेही उघडेन, फक्त ओहोटीला पायऱ्या कमी उतराव्या लागतील अशी जागा असेल तर बरं.